ले-ऑफची कुजबूज: अफवा, आकडे आणि हातातले दिवस



अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांपैकी बऱ्याच घरांत एक तरी जण आयटीत आहे. तिमाही निकाल जवळ आले की त्या घरांत एकच विषय निघतो : या वेळी किती जणांना नारळ मिळणार? मॅनेजरने मीटिंग पुढे ढकलली, एचआरच्या लोकांनी अख्ख्या दिवसासाठी कॉन्फरन्स रूम अडवून ठेवली, प्रवासखर्च गोठवला, अशा एकेका गोष्टीवरून सुतावरून स्वर्ग गाठला जातो. या कुजबुजीत खरे किती असते, खरी माहिती कुठे मिळते आणि वेळ आलीच तर कोणत्या तारखा महत्त्वाच्या, याची माहिती या लेखात एकत्र दिली आहे. उदाहरण म्हणून आयबीएम घेतली आहे, कारण ले-ऑफच्या अफवांचा एवढा जुना इतिहास क्वचितच दुसऱ्या कंपनीला असेल.

आयबीएमचा धडा

वॉटसन पितापुत्रांच्या काळापासून आयबीएमची ख्याती होती ती कोणाला कामावरून न काढणारी कंपनी म्हणून. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिच्याकडे जगभरात सुमारे ४ लाख लोक होते. १९९३ साली कंपनीला ८ अब्ज डॉलर्सहून अधिक तोटा झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लू गर्स्नर प्रमुख म्हणून आले, जुलैमध्ये आणखी ३५ हजार जागा कमी करण्याची घोषणा झाली आणि 'नोकरी जन्माची' हा समज कायमचा संपला. १९९४ च्या अखेरीस कर्मचारी २ लाख २० हजारांच्या आसपास उरले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी, ईस्ट फिशकिल, एंडिकॉट यांसारख्या गावांना तर हा धक्का फारच मोठा होता.

त्यानंतर कंपनीने कपातीचा गाजावाजा करणे सोडले. आतल्या भाषेत तिला 'रिसोर्स अॅक्शन' म्हणत, हिशेबात 'वर्कफोर्स रीबॅलन्सिंग'. २०१० पासून अमेरिकेत आपले किती कर्मचारी आहेत हा आकडा देणेही कंपनीने बंद केले. माहितीची जागा रिकामी राहिली की ती अफवा भरून काढते, आणि इथे नेमके तेच झाले.

मे २००७ मध्ये रॉबर्ट क्रिंजली या टोपणनावाने लिहिणाऱ्या स्तंभलेखकाने लिहिले की आयबीएम अमेरिकेतले लाख-दीड लाख लोक काढणार. तेव्हा कंपनीचे अमेरिकेत मिळून सुमारे १ लाख ३० हजारच कर्मचारी होते! कंपनीने बातमी खोडून काढली. जानेवारी २०१५ मध्ये त्याच लेखकाने पुन्हा लिहिले की २६ टक्के, म्हणजे १ लाखाहून अधिक लोक जाणार. कंपनीने तेही नाकारले आणि निकालांत आधीच नमूद केलेल्या ६० कोटी डॉलर्सच्या खर्चाकडे बोट दाखवले. त्याचा अर्थ काही हजार माणसे असा होता. २०१४ च्या अखेरीस जगभरात ३ लाख ७९ हजारांच्या वर कर्मचारी होते आणि २०१५ च्या अखेरीस ३ लाख ७७ हजारांच्या वर. म्हणजे अफवेतला आकडा साफ खोटा ठरला.

पण भीती खोटी नव्हती. एकूण आकडा स्थिर दिसत असताना एका दाराने माणसे जात होती आणि दुसऱ्या दाराने नवी येत होती, बऱ्याचदा दुसऱ्या देशात. २००९ साली तर 'प्रोजेक्ट मॅच' या योजनेखाली अमेरिका-कॅनडातल्या काढलेल्या लोकांना भारतासह काही देशांत, तिथल्या पगारावर, नोकरी शोधून देण्याची तयारी कंपनीने दाखवली होती. नोव्हेंबर २०२५ मध्येही कपातीचे प्रमाण फक्त 'एक आकडी टक्केवारीच्या खालच्या टोकाला' एवढेच कंपनीने सांगितले. म्हणून अफवेतला आकडा सोडून द्यावा, पण तयारी सोडू नये, हाच यातला धडा.

खरी माहिती कुठे असते?

१. कंपनीची कागदपत्रे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने मोठ्या खर्चाची कपात नक्की केली की सहसा चार कामकाजी दिवसांत एसईसीकडे फॉर्म ८-के, कलम २.०५ खाली कळवावे लागते. तिमाही अहवालातला 'रीस्ट्रक्चरिंग चार्ज' ही ओळही जरूर वाचावी. पैसे बाजूला काढले असतील तर कपात ठरलेली आहे असे समजावे.

२. वॉर्न कायदा. १९८८ चा हा केंद्रीय कायदा १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना लागू होतो. मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बऱ्याच राज्यांचे श्रमखाते या नोटिसा जाहीर करते, त्यामुळे कंपनीचे नाव आणि ऑफिसचा पत्ता तिथे सापडतो. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत मुदत ९० दिवसांची आहे. न्यू जर्सीत एप्रिल २०२३ पासून अशा कपातीत नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एक आठवड्याचा पगार देणेही सक्तीचे झाले.

यातली पळवाटही माहीत असावी. केंद्रीय कायद्यात मोजणी एका ठिकाणाची होते : एकाच ठिकाणचे ५०० लोक, किंवा किमान ५० लोक आणि ते तिथल्या मनुष्यबळाच्या ३३ टक्के. दहा शहरांतून चाळीस-चाळीस माणसे काढली तर नोटीस लागेलच असे नाही. यादीत नाव नाही म्हणजे धोका टळला असे धरू नये.

एच-१बी वाल्यांचे घड्याळ

जानेवारी २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ संपेपर्यंत, यांतले जे आधी येईल ते. जोडीदार आणि मुले यांनाही हीच मुदत. मोजणी साधारणपणे ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून होते. काही कंपन्या नोटिशीचे दिवस कामाशिवाय पगारावर ठेवतात, त्यामुळे 'माझा नोकरीचा शेवटचा दिवस कोणता?' हे एचआरकडून लेखी घ्यावे. सेव्हरन्सचे पैसे येत असले म्हणजे नोकरी चालू आहे असे धरले जात नाही.

या ६० दिवसांत नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की तिथे काम सुरू करता येते, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. जोडीदाराचे स्वतःचे एच-१बी असेल तर एच-४ साठी, नाहीतर बी-२ साठी अर्ज मुदतीच्या आत करता येतो. बी-२ वर अर्थातच काम करता येत नाही. एल-१ वाल्यांना मात्र त्याच व्हिसावर कंपनी बदलता येत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेरील व्यक्तींच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर्सचे शुल्क लावले, म्हणून 'थोडे दिवस पुण्याला जाऊन येऊ' असे ठरवण्याआधी वकिलाला विचारावे.

ग्रीन कार्डची रांग

आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला तरी ती मंजुरी सहसा रद्द होत नाही. प्रायॉरिटी डेट टिकते, पण नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात. आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झाले असतील तर त्याच किंवा तत्सम कामाच्या दुसऱ्या नोकरीत जाता येते. आय-१४० च्या मंजुरीपत्राची प्रत आजच मागून ठेवावी. कॉम्प्युटर बंद झाल्यावर ती मिळवणे अवघड जाते.

नोकरी वाचलेल्यांनाही झळ बसते. कंपनीने त्याच भागात त्याच प्रकारच्या कामावरची माणसे गेल्या सहा महिन्यांत काढली असतील, तर नवा पर्म अर्ज करण्याआधी त्यांना कळवून त्यांचा विचार करावा लागतो. त्यामुळे कपातीनंतर पर्मचे काम बऱ्याचदा थंडावते.

सही करण्याआधी

- सेव्हरन्सच्या कागदावर त्याच दिवशी सही करू नये. वय ४० किंवा अधिक असेल आणि कपात समूहाची असेल, तर वयभेदाचा दावा सोडण्याबाबत विचाराला ४५ दिवस आणि सही मागे घ्यायला ७ दिवस कायद्याने मिळतात.
- कोब्रा खाली आरोग्यविमा सहसा १८ महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आणि वर २ टक्क्यांपर्यंत खर्च आपल्याला भरावा लागतो. निवडीसाठी ६० दिवस असतात. जोडीदाराच्या विम्याशी तुलना करावी.
- व्हेस्ट न झालेले शेअर्स सहसा शेवटच्या दिवशी जातात. ४०१-के मधली आपली स्वतःची रक्कम मात्र आपलीच राहते.
- पगारपत्रके, डब्ल्यू-२ आणि व्हिसाचे कागद घरच्या फाइलमध्ये असावेत. कंपनीची गोपनीय कागदपत्रे मात्र कधीही घरी पाठवू नयेत.

आणि घरात

आपल्याकडे नोकरी गेली की सांगायची लाज वाटते. भारतातल्या आईबाबांना काळजी नको म्हणून, मंडळात चर्चा नको म्हणून माणूस गप्प बसतो आणि ६० दिवसांतले पहिले पंधरा तसेच निघून जातात. ही कपात बहुतेक वेळा एखाद्या तक्त्यातल्या ओळीवर ठरलेली असते, माणसाच्या कर्तबगारीवर नाही. म्हणून पहिल्या दिवशी घरात, दुसऱ्या दिवशी ओळखीच्या चार जणांना सांगावे. दुसऱ्या कंपनीतले रेफरल बऱ्याचदा याच चार जणांकडून येते. आणि ज्यांच्या कानावर अशी बातमी येईल त्यांनी 'ध' चा 'मा' न करता सरळ फोन करून रेझ्युमे मागावा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते, तेव्हा निर्णय घेण्यापूर्वी इमिग्रेशन व कामगार कायद्याच्या वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा.)