सहाणेवरची बाळगुटी

तान्ह्या बाळाचे पोट फुगले, पोटात मुरडा आला किंवा शी घट्ट झाली, की छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या सहाण पुढे ओढली जात आली. हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, अतिविष, काकडशिंगी, जायफळ, मायफळ, खारीक, बदाम अशी सुकी औषधे आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात उगाळायची आणि आंघोळीनंतर बाळाला चाटवायची, ही बाळगुटीची रीत.

औषध दगडावर उगाळून चाटवण्याचा उल्लेख बालरोगांवरच्या काश्यपसंहिता या आयुर्वेदग्रंथातल्या लेहाध्यायात सापडतो. धुतलेल्या दगडावर पाण्यात सोने उगाळून ते मध-तुपाबरोबर द्यावे, असे तिथे सांगितले आहे. कोणत्या बालकाला लेह, म्हणजे चाटवायचे औषध, द्यावा आणि कोणाला देऊ नये, हेही त्यात आहे. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून हा ग्रंथ 1938 मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. अकराव्या शतकातल्या चक्रदत्त ग्रंथात मुलांच्या ताप, हगवण, खोकला आणि ओकारीवर नागरमोथा, पिंपळी, अतिविष व काकडशिंगी हे चार घटक दिले आहेत. त्यांतले शेवटचे दोन गुटीत आजही दिसतात. हा भाग ज्या निजामाच्या राज्यात होता, तिथे युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. दखनी बोलणाऱ्या घरांत याच जातीच्या औषधाला ‘घुट्टी’ म्हणतात.

गुटीचे माप वेढ्यांत, म्हणजे सहाणेवर उगाळण्याच्या फेऱ्यांत असते. खारीक-बदामाचे वेढे जास्त, जायफळाचा जेमतेम एक. शी घट्ट असली की हिरड्याचा वेढा वाढतो, पातळ झाली की मायफळाचा. मुरुडशेंग दोरीसारखी पिळलेली असते. कन्नडजवळच्या गौताळ्यासारख्या पानगळीच्या रानात तिची झुडपे वाढतात. पोटातल्या मुरड्यावरचे औषध म्हणूनच ती ओळखली जाते.

1956 मध्ये छत्रपती संभाजीनगरात आधुनिक वैद्यक शिकवणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच सुमारास, 1954 मध्ये, अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल यांनी बाळाच्या पोटशूळाची खूण ठरवली होती: धडधाकट बाळ दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक रडते. आतड्यात बिघाड न सापडणारा हा त्रास आता कार्यात्मक विकारांत मोडतो आणि बहुधा चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत आपोआप थांबतो. जागतिक आरोग्य संघटना 2001 पासून पहिले सहा महिने फक्त आईचे दूध देण्यास सांगते. अस्वच्छ सहाण किंवा पाण्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून बालरोगतज्ज्ञ या वयात गुटी टाळायला सांगतात. मात्र गुटी देणारी आजी रोज बाळाची शी पाहायची, पोट चाचपायची, रडणे ओळखायची. ही नजर गुटीविनाही जपण्याजोगी आहे.