अमेरिका विरुद्ध सखाराम गणेश पंडित

19 फेब्रुवारी 1923 रोजी सखाराम गणेश पंडित नावाचे वकील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला हरले. अशील होते भगतसिंग थिंड. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचा गणवेश घातलेला हा पंजाबी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल लागला.

वकील असा खटला हरला की साधारणपणे पुढच्या कामाला लागतो. पंडितांना ते शक्य नव्हतं. ते स्वतः नऊ वर्षांपूर्वी अमेरिकेचे नागरिक झाले होते. थिंड गोरे नसतील तर पंडितही नव्हते. थोड्याच काळात सरकारने त्यांच्यावरही दावा लावला. मागणी एकच होती: दिलेलं नागरिकत्व रद्द करा.

व्याख्यानांवर जगणारा माणूस

नाव वाचून पंडित सदाशिव पेठेतले वाटतात. जन्म मात्र 1875चा, अहमदाबादचा. अर्थात तेव्हा अहमदाबादही मुंबई इलाख्यातच होतं. 1906च्या सुमारास ते अमेरिकेत पोचले, पण तिथे त्यांची नोकरी ठरलेली नव्हती. भारतीय तत्त्वज्ञानावर व्याख्यानं द्यायची आणि त्यावर गुजराण करायची, असा मामला होता. आज आपण अशा माणसाला फ्रीलान्सर म्हणतो.

त्याच काळात अमेरिकेहून परत आलेल्या एका माणसाची खूण आमच्या तळेगावात आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला. त्यातून, टिळकांच्या पाठिंब्याने, 1908 मध्ये तळेगावचा काच कारखाना सुरू झाला. तो सुरू करायला आले ईश्वरदास वार्ष्णेय. ते जपानमध्ये आणि मग अमेरिकेतल्या एमआयटीत शिकले होते. तळेगावात वाढलेल्या मुलाला ही परतण्याची गोष्ट कुठे ना कुठे ऐकायला मिळते. जे परतले नाहीत, त्यांनी तिकडे कागदोपत्री पाय कसे रोवले, हे फारसं कुणी सांगत नाही. पंडितांची गोष्ट ती आहे.

दोन टप्पे आणि एक अट

1906च्या कायद्यानुसार अमेरिकेचं नागरिकत्व दोन टप्प्यांत मिळायचं. आधी कोर्टात जाऊन ‘मला नागरिक व्हायचं आहे’ असा इरादा नोंदवायचा. त्यानंतर किमान दोन वर्षांनी, सलग पाच वर्षांचं वास्तव्य पूर्ण झालं की अर्ज करायचा. ओळखणारे दोन साक्षीदार आणायचे, इंग्रजी बोलता येतं हे दाखवायचं, आपल्या जुन्या राजाशी असलेलं नातं शपथेवर तोडायचं. पंडितांचा जुना राजा म्हणजे इंग्लंडचा बादशहा.

अर्जदार नोकरी करतो की दुकान चालवतो, याची कायद्याला फिकीर नव्हती. अडचण होती ती 1790 पासून चालत आलेल्या एका अटीची. परदेशातून आलेला माणूस ‘मुक्त गोरा’ असला तरच नागरिक होऊ शकत होता. 1870 मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. हिंदुस्थानातला माणूस यात कुठे बसतो, हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. त्यामुळे न्यायाधीश बदलला की उत्तर बदलायचं. मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बलसारा यांना 1910 मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने नागरिक मानलं. इतर काहींना दारातूनच परत पाठवलं गेलं.

पंडितांचा अर्ज लॉस एंजेलिसच्या कोर्टात सुनावणीला आला, तेव्हा सरकारी अधिकारी हजर होता. हा माणूस हिंदू आहे, गोरा नाही, असं त्याने कोर्टाला सांगितलं. न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि मे 1914 मध्ये पंडितांना नागरिकत्व दिलं. सरकारने अपील केलं नाही.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यावर फिरणार आहे.

एका खुंटीला टांगलेला संसार

नागरिक झाल्यावर पंडितांनी कायद्याचा अभ्यास केला आणि 1917 मध्ये कॅलिफोर्नियात वकिलीची सनद घेतली. ती सनद फक्त नागरिकांनाच मिळायची. भारतातल्या वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क त्यांनी सोडला. 1920 मध्ये लिलियन या अमेरिकन स्त्रीशी लग्न केलं. घर घेतलं. लिलियनच्या नावावर इम्पीरियल व्हॅलीत 320 एकर जमीन होती.

आता नागरिकत्व काढून घ्या आणि काय काय पडतं ते पाहा. सनद गेली की धंदा गेला. तेव्हाच्या कायद्याने बायकोची नागरिकता नवऱ्याला बांधलेली होती, म्हणजे अमेरिकेत जन्मलेली लिलियनही परकी ठरणार. कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्याने नागरिक होऊ न शकणाऱ्या परक्यांना शेतजमीन घेता येत नव्हती, म्हणजे 320 एकरही धोक्यात. इंग्लंडच्या बादशहाशी नातं तर शपथेवर तोडलेलं. नोकरदाराची नोकरी गेली तर तो दुसरी शोधतो. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याचं गिऱ्हाईक, परवाना, जागा, पत, सगळं एकाच गावात आणि एकाच कागदावर उभं असतं.

हरलेला युक्तिवाद

थिंड खटल्यातला युक्तिवाद आज वाचताना अवघड वाटतं. नोव्हेंबर 1922 मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने ‘गोरा’ म्हणजे ‘कॉकेशियन’ असं म्हटलं होतं. थिंड यांच्या बाजूने तेच पकडलं गेलं. मानववंशशास्त्राची पुस्तकं उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणतात, मग प्रश्न मिटला! त्यापुढे जाऊन असंही मांडलं गेलं की उच्चवर्णीय हिंदूंनी जातीबाहेर लग्नं केली नाहीत, म्हणून त्यांचं आर्य रक्त शुद्ध राहिलं. आपल्याकडे ज्या जातिबंदीविरुद्ध फुल्यांनी आयुष्य वेचलं, तीच बंदी तिकडे लायकीचा पुरावा म्हणून कोर्टात ठेवली गेली. गोऱ्यांच्या वर्णभेदाला प्रश्न विचारण्याऐवजी आमचीही वरच्या पायरीवर गणना करा, एवढंच हे मागणं होतं.

न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी ते उडवून लावलं. शास्त्रज्ञ काय म्हणतात ते सोडा, सामान्य अमेरिकन माणूस ‘गोरा’ कुणाला म्हणतो ते महत्त्वाचं, असा त्यांचा रोख होता. सदरलंड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले. त्यांच्या गोरेपणाबद्दल कुणी शास्त्रीय पुस्तकं उघडली नव्हती.

मग एकामागून एक भारतीयांची नागरिकत्वं रद्द होऊ लागली. वैष्णोदास बगाई पेशावरहून 1915 मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले होते. स्वतःचं दुकान थाटलं, 1921 मध्ये नागरिक झाले. निकालानंतर नागरिकत्व गेलं आणि त्यामागून दुकान, मालमत्ता गेली. भारतात जाऊन यायला अमेरिकन पासपोर्टही मिळेना. 1928 मध्ये त्यांनी आपलं जीवन संपवलं. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी या सगळ्याचा जाब विचारला होता.

प्राङ्न्याय

पंडितांवरचा दावा उभा राहिला तेव्हा ‘मी गोरा आहे’ हा मुद्दा संपला होता. त्यांना तारलं दुसऱ्याच मुद्द्याने. तो असा: 1914 मध्ये सरकार कोर्टात आलं होतं, हाच आक्षेप घेतला होता, ऐकून घेतला गेला होता, आणि हरलं होतं. अपील करायची मुभा असताना केलं नाही. आता नऊ वर्षांनी तोच वाद पुन्हा उकरायचा अधिकार सरकारला नाही.

आपल्याकडे हे तत्त्व जुनं आहे. मिताक्षरेत दाव्याला देता येणाऱ्या उत्तरांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक ‘प्राङ्न्याय’: याचा निवाडा आधीच झालेला आहे. आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, 1908च्या, ते कलम 11 म्हणून येतं. मावळात बांधावरून भांडण झालेल्या घरांत संस्कृत कुणाला येत नसेल, पण ‘त्याचा निकाल कधीच लागलाय’ हे वाक्य सगळ्यांना येतं.

खालच्या न्यायालयात पंडित जिंकले. 1926 मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर सरकारने इतर भारतीयांवरचे पडून असलेले असे दावेही सोडून दिले. बगाईंसारख्यांना मात्र उशीर झाला होता.

पंडितांचा वंश, विद्वत्ता, देशप्रेम यांपैकी कशावरही हा निकाल उभा नव्हता. तो उभा होता एका रुक्ष गोष्टीवर: त्या दिवशी विरुद्ध बाजू हजर होती, आणि तशी नोंद होती. 1914 मध्ये त्या अधिकाऱ्याने आक्षेप घेतला नसता, तर पंडितांचा खटला कदाचित अवघड गेला असता. त्यांना वाचवलं ते विरोधकाच्या हजेरीने.

आत असलेल्यांपुरतं

पण या विजयाने नवं कुणी आत आलं नाही. निकाल पक्का असतो, हे तत्त्व ज्याच्या हातात निकाल आहे त्याच्या कामाचं. ज्याचा अर्जच घेतला जात नाही, त्याला त्याचा काय उपयोग? त्यासाठी कायदाच बदलावा लागला, आणि तो कोर्टात बदलला नाही. न्यूयॉर्कमध्ये कापडाचा धंदा करणारे जे. जे. सिंग आणि इतरांनी वर्षानुवर्षं वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवल्या. तेव्हा कुठे जुलै 1946 मध्ये लूस-सेलर कायदा झाला. भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला, आणि वर्षाला फक्त 100 जणांना प्रवेश. इम्पीरियल व्हॅलीत शेती करणारे दलिपसिंग सौंद 1949 मध्ये नागरिक झाले आणि 1956 मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले.

आज आम्हा आयटीवाल्यांच्या डब्याच्या टेबलावर व्हिसाचा विषय निघाला नाही असा आठवडा जात नाही. आताच्या कायद्यात ‘गोरा’ हा शब्द नाही. तो विचारतो की तुझा मालक कोण आणि तुझा जन्म कुठला. एच-वन-बी कंपनीच्या अर्जावर मिळतो, त्यामुळे नोकरी सोडून स्वतःचं काही काढायचं तर पायाखालची फरशी सरकते. ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांचा वाटा सात टक्क्यांवर अडवलेला, म्हणून भारतीयांची रांग दशकांची. पंडितांना कुणी मालक विचारला नव्हता. आजच्या मुलाला कुणी वंश विचारत नाही.

या रांगेतले मित्र ‘आम्ही हुशार आहोत, कर भरतो, कायदा पाळतो’ असं सांगतात, तेव्हा ते खरंच असतं. पण थिंडही सैनिक होते आणि बगाईही कर भरत होते. लायकी सिद्ध करण्याचा मार्ग 1923 मध्येच हरलेला आहे, आणि ‘आम्ही इतरांपेक्षा वरचे’ म्हणणारा तर हरायलाच हवा होता. चालले ते दोनच मार्ग: आत आलेल्याचा निकाल पुन्हा उघडता येणार नाही असा नियम, आणि बाहेरच्यांसाठी कायदा बदलायला लावणारी माणसं.

सखाराम गणेश पंडित 1959 मध्ये वारले. तोवर ते अमेरिकेचे नागरिक होते.