एकाच दारावरची दोन विषे : समुद्री खेकडा आणि कोकणातला लाल विंचू

१/ जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यू आणि अमामी बेटांवरचे काही खेकडे खाल्ल्यास विषबाधा होते, हे हाशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. त्या विषाचे कार्यस्थान मज्जापेशीच्या पटलावर आहे. महाराष्ट्रातील एका वैद्यकीय लढ्याचे मूळही तिथेच सापडते.

२/ मज्जापेशीच्या पटलात सोडियमसाठी प्रथिनांची सूक्ष्म द्वारे असतात. द्वार उघडले की विद्युत्-संदेश उमटतो. क्षणार्धात ते मिटले की पेशी पूर्वपदावर येते. खेकड्यातील सॅक्सिटॉक्सिन या द्वाराला बाहेरून बुचासारखे बसते. संदेश खुंटतात, स्नायू लुळे पडतात, श्वास थांबू शकतो.

३/ खेकड्याप्रमाणेच संधिपाद असलेला आपला लाल विंचू नेमके उलट करतो. त्याचे विष तेच द्वार वेळेवर मिटू देत नाही. मज्जातंतू अखंड चेतत राहतात, रक्तात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते.

४/ १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने दगावणाऱ्यांत मुलांचा भरणा मोठा होता. रुग्णाच्या उशाशी रात्री जागून त्यांनी लक्षणांची नोंद ठेवली: उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. ही धोक्याची पूर्वसूचना असल्याचे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले.

५/ उपाय गवसला तो रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधात. ते सोडियमच्या द्वाराला हातही लावत नाही. रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींच्या पटलावरील अल्फा ग्राहके अडवते. लोंढा आला तरी वाहिन्या आवळत नाहीत. १९८६ मध्ये हा अनुभवही ‘लॅन्सेट’मध्ये आला. गंभीर रुग्णांमधील सुमारे ४० टक्क्यांचा मृत्युदर पुढे एक टक्क्याच्या आसपास उतरला.

६/ प्राझोसिन विषाचा परिणाम रोखते, विष मात्र शरीरात उरते. म्हणून महाडमध्ये प्राझोसिनला प्रतिविषाची जोड देऊन चाचणी झाली. या जोडीने रुग्ण अधिक लवकर सावरतात, असा तिचा निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला.

७/ २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिन ही साधी, तोंडाने घ्यायची गोळी आहे. म्हणूनच हा उपचार मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या खेड्यातल्या मुलालाही मिळू शकला.