वसंतातील सण आणि पुनरुत्थान रविवारची तारीख

मार्च महिन्याच्या २० अथवा २१ तारखेस दिवस व रात्र जवळजवळ समसमान होतात. उत्तर गोलार्धात याच सुमारास वसंताचे आगमन होते आणि अनेक समाजांचे सण या संपाताशी जोडलेले आढळतात. नाताळची तारीख ठरलेली असताना ईस्टर मात्र दरवर्षी मागेपुढे का होतो, याचे उत्तरही येथेच आहे.

नवरोज : इराण व मध्य आशियात संपाताच्या क्षणी नववर्ष सुरू होते. फारसी ‘सीन’ अक्षराने आरंभ होणाऱ्या सात वस्तू मेजावर मांडतात. २०१० साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २१ मार्च हा आंतरराष्ट्रीय नवरोज दिन ठरविला. आपल्याकडील पारशी बांधव याच दिवशी जमशेदी नवरोज पाळतात.

यहुदी पास्का : मिसर देशातील दास्यातून झालेल्या सुटकेचा हा सण निसान महिन्याच्या पौर्णिमेला येतो. तो वसंतातच यावा म्हणून यहुदी पंचांगात १९ वर्षांत ७ अधिक महिने धरतात. आपल्या अधिक मासासारखीच ही योजना आहे.

पुनरुत्थान रविवार : प्रभू येशूचे दुःखसहन व पुनरुत्थान पास्काच्या दिवसांत घडले. आशिया मायनरमधील काही ख्रिस्ती लोक निसानच्या १४ व्या दिवशी सण पाळीत, तर रोममध्ये रविवार पाळला जाई. ३२५ साली निकेया येथील परिषदेने सर्वांनी एकाच रविवारी हा सण साजरा करावा, असा निर्णय दिला. ख्रिस्तसभेच्या गणनेत संपात २१ मार्च हाच धरतात. त्या दिवशी वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो.

तारखा वेगळ्या का? : ज्युलियन पंचांगातील वर्ष किंचित मोठे असल्याने सोळाव्या शतकापर्यंत १० दिवसांचा फरक पडला होता. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरून तो दूर केला. बहुतेक ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा ईस्टरसाठी जुनेच पंचांग पाळतात. त्यामुळे २०२४ मध्ये आपला ईस्टर ३१ मार्चला, तर त्यांचा ५ मे रोजी आला. एकाच गावात एकाच्या घरी आनंदोत्सव, तर शेजारच्या घरी अजून उपवासकाळ, असा हा विसंवाद अल्पसंख्य ख्रिस्ती समाजांना विशेष जाणवतो. जॉर्डनमध्ये कॅथलिकही ऑर्थोडॉक्स बांधवांच्या तारखेस ईस्टर साजरा करतात. इजिप्तमध्ये कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ‘शम्म अन्-नसीम’ हा वसंतोत्सव येतो. त्या दिवशी ख्रिस्ती व मुस्लिम कुटुंबे उद्यानांत, नदीकाठी जमतात. खारवलेली मासळी, कांदे व रंगविलेली अंडी खातात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच, इतर ख्रिस्ती बांधवांची संमती असल्यास, ईस्टरसाठी ठरावीक रविवार स्वीकारण्यास आपली हरकत नसल्याचे नमूद केले. निकेया परिषदेच्या १७०० व्या वर्षी, २०२५ मध्ये, दोन्ही परंपरांचा ईस्टर २० एप्रिललाच आला. त्याच वर्षी जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी समान तारखेसाठी तयारी पुन्हा व्यक्त केली होती. २०२८ मध्येही १६ एप्रिल ही तारीख दोहोंना समान आहे.

पंचांगाच्या योगायोगाने साधणारे हे ऐक्य परस्परांच्या संमतीने दरवर्षी साधावे, हीच आपली प्रार्थना असावी. आपल्या ऑर्थोडॉक्स शेजाऱ्याचा ईस्टर वेगळ्या दिवशी आला, तर त्या दिवशी त्याच्या घरी शुभेच्छा देण्यास जाणे आपल्या हाती निश्चितच आहे.