मुलांमधील वारंवार होणारी पोटदुखी

मुलांमधील वारंवार होणारी पोटदुखी म्हणजे काही आठवडे किंवा महिने अधूनमधून उद्भवणारी, मधल्या काळात थांबणारी आणि खेळ, झोप, जेवण वा शाळा यांत व्यत्यय आणणारी पोटातील वेदना होय. हा स्वतंत्र रोग नसून एक लक्षण आहे. त्यामागे बद्धकोष्ठापासून आतड्याच्या दीर्घकालीन दाहापर्यंत अनेक कारणे असू शकतात. तथापि बहुसंख्य मुलांत कोणत्याही अवयवात बिघाड आढळत नाही. अशा वेदनेस क्रियात्मक पोटदुखी म्हणतात. ही वेदना खरी असते. तपासण्या निर्दोष आल्या म्हणजे मूल ढोंग करते, हा घरोघरी काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे.

व्याख्या व इतिहास

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी केला. त्यांनी व नोरा नेश यांनी ब्रिस्टल येथील १,००० शालेय मुलांची पाहणी करून १९५८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. किमान तीन महिन्यांच्या काळात किमान तीन वेळा उद्भवलेली आणि मुलाच्या नित्यक्रमात बाधा आणणारी वेदना, अशी त्यांची व्याख्या होती. तीनुसार १०.८ टक्के मुलांना हा त्रास होता. ॲप्ली यांनी रुग्णालयात तपासलेल्या १०० मुलांपैकी केवळ ८ मुलांत शारीरिक व्याधी सापडली. त्यानंतर तपासणीची साधने पुष्कळ वाढली, पण बहुतेक मुलांत अवयवाचा दोष सापडत नाही हे निरीक्षण टिकून आहे. सध्या वापरात असलेल्या रोम निकषांच्या चौथ्या आवृत्तीत (२०१६) किमान दोन महिने, महिन्यातून किमान चार दिवस दुखणे ही मर्यादा धरली जाते.

वेदनेचे स्थान

‘कुठे दुखते?’ असे विचारल्यास चार-पाच वर्षांचे मूल बहुधा बेंबीवर हात ठेवते. लहान आतड्यातून येणाऱ्या वेदनेच्या संवेदना मज्जारज्जूच्या ज्या भागात पोचतात, त्याच भागात बेंबीभोवतीच्या त्वचेच्या संवेदनाही पोचतात; त्यामुळे मेंदूला दुखणे तेथेच जाणवते. शिवाय या वयाच्या मुलांजवळ शरीराच्या अंतर्भागासाठी शब्द कमी असतात. घसा सुजला, फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाला किंवा नुसती भूक लागली, तरी ती ‘पोट दुखते’ असेच सांगतात. वेदना बेंबीपासून जितकी दूर, तितकी शारीरिक व्याधीची शक्यता अधिक, असा ॲप्ली यांचा संकेत आहे. तो उपयुक्त असला तरी अचूक नाही. आंत्रपुच्छाच्या दाहाची सुरुवातही बेंबीजवळच होते आणि काही तासांनी दुखणे उजवीकडे खाली सरकते.

कारणे

बद्धकोष्ठ हे सर्वाधिक आढळणारे आणि सर्वाधिक दुर्लक्षित कारण आहे. मूल रोज शौचास जाते, एवढ्यावरून बद्धकोष्ठ नाही असे म्हणता येत नाही, कारण रोज थोडाच मल बाहेर पडून उरलेला साचत राहू शकतो. एकदा कठीण मलामुळे दुखले की मूल भीतीने मल रोखते. पाय आवळून कोपऱ्यात उभे राहणे, टाचा उंचावणे ही त्याची चिन्हे; पालकांना मात्र मूल कुंथत आहे असे वाटते. रोखलेल्या मलातील पाणी शोषले जाऊन तो अधिक कठीण होतो आणि हे चक्र चालू राहते. साचलेल्या मलाच्या कडेने पातळ मल पाझरून चड्डी खराब होऊ लागली, तर ते जुलाब समजून भलतेच औषध दिले जाते. शाळेतील अस्वच्छ किंवा कडी नसलेल्या स्वच्छतागृहामुळे दिवसभर शौच टाळणारी मुले थोडी नाहीत. याविषयी आपणहून विचारल्याशिवाय मूल ते सांगत नाही.

दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचवणारे विकर अनेक भारतीय मुलांत वाढत्या वयाबरोबर कमी होते. दूध प्यायल्यावर काही तासांत पोट फुगणे, गुरगुरणे व पातळ शौच होणे ही त्याची लक्षणे होत. दोन आठवडे दूध बंद ठेवून, नंतर पुन्हा सुरू करून फरक पाहणे ही सोपी परीक्षा आहे. दही बहुधा सोसते. डबाबंद फळरसातील शर्करेनेही असाच त्रास होऊ शकतो.

जंतांचा दोष मराठी घरांत फार लवकर काढला जातो. झोपेत दात खाणे हे जंतांचे लक्षण मानण्यास आधार नाही. सूतकृमींमुळे पोटदुखीपेक्षा रात्री गुदद्वाराशी खाज येते. गोलकृमींची संख्या मोठी असल्यास मात्र पोट दुखू शकते. भारतात २०१५ पासून पाळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाड्या व शाळांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी (दोन वर्षांखालील मुलांना अर्धी) दिली जाते. गोळी घेऊनही दुखणे चालू राहिल्यास पुनःपुन्हा तेच औषध देण्यापेक्षा दुसरे कारण शोधणे योग्य.

सीलिएक रोगात गव्हातील ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पाव दुर्मीळ झाला असता या रोगाची मुले सुधारली, ही बाब विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांच्या संशोधनास पोषक ठरली. रक्ततपासणीपूर्वी गहू बंद करू नये, कारण त्यामुळे प्रतिपिंडे घटून निदान हुकू शकते. निदानानंतर गहू आयुष्यभर वर्ज्य करावा लागतो. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांत ग्लूटेन नसते.

जियार्डियाचा संसर्ग, मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, पित्ताशयातील खडे, शिशाची विषबाधा आणि पोटातील अर्धशिशी ही इतर कारणे आहेत. शेवटच्या प्रकारात तासभर वा अधिक तीव्र वेदना, फिकटपणा व मळमळ होते आणि घरात कोणास तरी अर्धशिशी असल्याचे पुष्कळदा आढळते.

निदान

कारण शोधण्यात यंत्रांपेक्षा हकीकतीचा वाटा मोठा आहे. दुखण्याचा दिवस, वेळ, त्याआधीचे खाणे, शौचाचे स्वरूप आणि त्या दिवशीचा शाळेतील प्रसंग यांची दोन-तीन आठवड्यांची नोंद वहीत ठेवल्यास पुष्कळ उलगडा होतो. दुखणे रविवारी व सुट्टीत नाहीसे होते काय, हेही त्यातून दिसते. वजन व उंचीचा आलेख नीट चढता असणे हे दिलासा देणारे चिन्ह होय.

वजन घटणे, वाढ खुंटणे, शौचावाटे रक्त जाणे, झोपेतून जागे करणारी वेदना, रेंगाळणारा ताप, दीर्घकाळ जुलाब, सांधेदुखी, एकाच बाजूस ठरावीक जागी दुखणे यांपैकी काही असल्यास सखोल तपासणी आवश्यक ठरते. हिरवी उलटी, ताठ झालेले पोट, किंवा दोन वर्षांखालील मुलाने थांबून थांबून कळवळणे व लालसर चिकट शौच होणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात नेणे अनिवार्य आहे.

अशी लक्षणे नसल्यास मल-मूत्र तपासणी व मोजक्या रक्तचाचण्या पुरतात. सोनोग्राफीच्या अहवालात ‘पोटात गाठी’ असल्याचा उल्लेख वाचून अनेक कुटुंबे क्षयाच्या भीतीने हादरतात. या गाठी म्हणजे आतड्याच्या पडद्यातील लसिका ग्रंथी असून, लहान आकारातील अशा ग्रंथी निरोगी मुलांतही सर्रास दिसतात. ताप, वजनातील घट वा अन्य पुरावा नसताना केवळ त्यांच्या आधारे क्षयाचे निदान करता येत नाही.

क्रियात्मक पोटदुखी व उपचार

आतडे व मेंदू यांच्यात मज्जातंतूंद्वारे सतत देवाणघेवाण चालते. काही मुलांत ही यंत्रणा अतिसंवेदनशील होते व वायूने आतडे किंचित ताणले गेले तरी वेदना जाणवते. पोटाचा संसर्ग, शाळाबदल, धाकट्या भावंडाचा जन्म, परीक्षा किंवा घरातील कलह यांनंतर त्रास सुरू झाल्याचे अनेकदा आढळते.

उपचारात मुलाच्या दुखण्यावर विश्वास ठेवणे आणि त्याचा नित्यक्रम चालू ठेवणे या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. लिन वॉकर व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पालकांनी दुखण्याकडे लक्ष दिल्यास मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या. लक्ष दुसरीकडे वळवल्यास त्या निम्म्यावर आल्या. म्हणून वारंवार ‘अजून दुखते का?’ असे विचारणे टाळावे आणि मुलाला शाळेत पाठवावे. बोधात्मक वर्तनोपचाराचाही अनेक मुलांना लाभ होतो. बद्धकोष्ठ असल्यास मल मऊ करणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने घ्यावे लागते. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढत असल्याने त्या वेळी मुलास पाच-दहा मिनिटे शौचास बसवावे. कमोड असल्यास पायाखाली पाट ठेवावा.

पारंपरिक उपाय

ओव्याचे पाणी, बेंबीभोवती हिंगाचा लेप, मुरुडशेंग उगाळून देणे हे महाराष्ट्रातील प्रचलित घरगुती उपाय होत. ‘बेंबी सरकली’ असे समजून पोट चोळण्याची प्रथाही आहे. मात्र आंत्रपुच्छाचा दाह असल्यास असे चोळणे धोक्याचे ठरते. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलांच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डाग देण्याची ‘डंबा’ ही प्रथा आजही अधूनमधून उघडकीस येते. त्याने मूळ व्याधी बरी होत नाही. उलट भाजलेल्या जखमांतून जंतुसंसर्ग होतो आणि रुग्णालयात पोचण्यास लागणारा वेळ वाढतो.