हेक्साप्ला

हिब्रू धर्मग्रंथांच्या, म्हणजे ख्रिस्ती परंपरेतील ‘जुन्या करारा’च्या, पाठांची तुलना करण्यासाठी ऑरिजेन या ख्रिस्ती पंडिताने इ.स. २४०च्या सुमारास पॅलेस्टाइनमधील सीझरिया येथे सिद्ध केलेला प्रचंड ग्रंथ. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘षट्पदरी’ असा होतो. प्रत्येक पानावर सहा स्तंभ असून, पहिल्यात मूळ हिब्रू शब्द, दुसऱ्यात त्याचाच ग्रीक लिपीतील उच्चार आणि पुढील चारांत ग्रीक भाषांतरांचे, म्हणजे अक्विला, सिमॅकस, सेप्टुअजिंट (ख्रिस्तपूर्व काळात ज्यूंनी केलेले ग्रीक भाषांतर) व थिओडोशन यांचे पाठ अनुक्रमे येत. हिब्रूत नसलेल्या ग्रीक शब्दांना ‘ओबेलस’ ही खूण होती, तर हिब्रूवरून भर घातलेल्या शब्दांना तारका. ज्यू व ख्रिस्ती विद्वानांचे वाद अनेकदा पाठभेदांमुळे होत असल्याने ही मांडणी फार मोलाची होती. उदाहरणार्थ, यशया ७:१४ मधील ‘अल्मा’ (तरुण स्त्री) या शब्दासाठी सेप्टुअजिंटमध्ये ‘पार्थेनॉस’ (कुमारी), तर अक्विलाच्या भाषांतरात ‘नेआनिस’ (तरुणी) असा शब्द आहे. विरोधकांचा पाठ न लपवता आपल्या पाठाशेजारी मांडण्याची ऑरिजेनची ही वृत्ती त्याच्या विद्वत्तेइतकीच थोर मानावी लागते. पुढे ख्रिस्ती विद्वान जेरोमने हा ग्रंथ सीझरियात पाहिला आणि जुन्या कराराचे लॅटिन भाषांतर थेट हिब्रूवरून केले. मूळ ग्रंथ नष्ट झाला असून आज त्याचे केवळ काही अंश उपलब्ध आहेत.