राजाच्या आत्म्यासाठीची मिस्सा कोणी बंद केली?

मेल्यावर काय होतं, यावर आपण आधी बोललोय. आजचा प्रश्न जरा वेगळा आहे: माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना त्याच्यासाठी काही करता येतं का? सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये याचं उत्तर चक्क कायद्याने बदललं.

मध्ययुगातल्या कॅथलिक चर्चच्या शिकवणीत स्वर्ग आणि नरक यांच्या जोडीला पर्गेटरी होती. पाप माफ झालंय, पण त्याची शिक्षा भोगून व्हायचीय, अशा आत्म्यांची तिथे शुद्धी होते. तिथून पुढची वाट फक्त स्वर्गाची. जिवंत माणसांच्या प्रार्थना, मिस्सा आणि दानधर्म यांची या आत्म्यांना मदत होते, असं १२७४च्या ल्यों परिषदेने सांगितलं.

मग श्रीमंत लोक आधीच सोय करून ठेवायचे. जमीन दान द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर एक पाद्री नेमायचा. त्याने आपल्या आत्म्यासाठी मिस्सा म्हणत राहायची. याला म्हणायचे चँट्री. राजा सातव्या हेन्रीने तर मृत्युपत्रात १० हजार मिस्सा सांगितल्या होत्या. साध्या माणसांसाठी गावच्या चर्चमध्ये मृतांच्या नावांची यादी असायची. ती वाचली जायची आणि सगळे प्रार्थना करायचे.

१५१७मध्ये मार्टिन ल्यूथरने पापक्षमापत्रांच्या विक्रीवर हल्ला चढवला. पुढे त्याने पर्गेटरीच नाकारली. प्रोटेस्टंटांचं म्हणणं असं की ख्रिस्ताचं बलिदान पुरेसं आहे, मग वरून मिस्सांची भर कशाला?

आठव्या हेन्रीने पोपशी नातं तोडलं होतं. तरी डिसेंबर १५४६च्या मृत्युपत्रात त्याने लिहिलं, की विंडसरला आपल्यासाठी रोज मिस्सा व्हावी, जग असेपर्यंत! जानेवारीत तो गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, त्याच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या, म्हणजे सहाव्या एडवर्डच्या राजवटीत, चँट्री बंद करणारा कायदा झाला. त्यांच्या जमिनी राजाकडे गेल्या. काही वर्षांत मिस्साच बेकायदा ठरली, खुद्द हेन्रीसाठीचीसुद्धा.

राज्याला पैसा हवा होता, हे खरंच. पण लोकांचं नुकसान जमिनीपुरतं नव्हतं. १५४९च्या प्रार्थनापुस्तकात दफन करताना पाद्री मृताशी थेट बोलतो, 'तुझा आत्मा देवाच्या हाती सोपवतो' अशा अर्थाचं. १५५२च्या पुस्तकात ते वाक्य नाही. तिथे तो फक्त भोवती जमलेल्यांशी बोलतो. ज्या आईने काल मुलासाठी मेणबत्ती लावली होती, तिला आज सांगितलं गेलं, की आता तुझ्या हातात काही नाही. त्याचा न्याय देवाकडे, आणि तू विश्वास ठेव.

कुणाला यात सुटका वाटली असेल: भीती गेली, खर्च गेला. कुणाला आपलं माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं असेल.

कॅथलिक चर्चने १५६३मध्ये ट्रेंटच्या परिषदेत पर्गेटरी पुन्हा ठामपणे मांडली. म्हणून आजही २ नोव्हेंबरला वसईत, गोव्यात कबरींवर मेणबत्त्या पेटतात. त्या दिवशी तिकडे गेलात, तर लक्षात ठेवा: ती नुसती आठवण नाही, गेलेल्या माणसासाठी केलेली मदत आहे.

भेटू पुढच्या भागात!